रोहिणखेडची मशीद

बुलढाणा जिल्ह्याच्या इतिहासाचा विषय निघाला की सिंदखेडचे जाधव आणि लोणारचे सरोवर ही दोन नावे प्रथम येतात. ते योग्यच आहे. परंतु आज आम्ही श्रोत्यांस मोताळा तालुक्यातील एका आटोपशीर दगडी इमारतीकडे नेऊ इच्छितो.

रोहिणखेड हे गाव बालाघाटाच्या पायथ्याशी, खानदेश व दौलताबाद यांमधील वाटेवर आहे. त्यामुळे फौजांचा पाय त्याला वारंवार लागला. १४३७ साली खानदेशच्या नासिरखान फारुकीने मुलीच्या छळाबद्दल जावयावर, म्हणजे बहामनी सुलतान अल्लाउद्दीनावर, चाल केली. तेव्हा खलफ हसन बसरीने त्याचा मोड येथेच केला.

१५७४ साली इमादशाही बुडाली व वऱ्हाड अहमदनगरच्या निजामशाहीत गेले. त्या दरबारचा सरदार खुदावंतखान महदवी याला वऱ्हाडात जहागीर मिळाली. त्याचा बाप मशहदचा, आई हबशी. त्याने १५८१ साली साखरखेर्डा येथे आणि १५८२ साली, हिजरी ९९० मध्ये, रोहिणखेडला मशीद बांधली.

आपल्या जिल्ह्यात याच्या आधीची लोणार-मेहकरची हेमाडपंती कामे आहेत. तेथे खांबावर आडवी तुळई ठेवून, चुन्यावाचून दगड बसविला आहे. मशिदीची रीत निराळी. कमानीत प्रत्येक दगड शेजारच्यावर भार टाकतो आणि चुना त्यांना धरून ठेवतो. पश्चिमेच्या भिंतीतील मेहराब मक्केची दिशा दाखविते. काळा पाषाण मात्र दोहींकडे एकच, याच मातीतला.

बांधणाऱ्याचे पुढे काय झाले? दरबारी भांडणात त्याचा पक्ष हरला. १५८५ च्या सुमारास तो अकबराकडे गेला, हजारी मनसबदार झाला, अबुल फजलच्या बहिणीशी त्याचा विवाह झाला, आणि १५९० च्या सुमारास तो वारला.

इकडे अहमदनगरास जौनपूरच्या सय्यद महंमदांना महदी मानणाऱ्या त्याच्याच पंथाची सत्ता आली. १५८९ साली जमालखान महदवीने बालक इस्माइलला गादीवर बसविले. परंतु १५९१ साली इस्माइलचा बाप बुऱ्हाण खानदेशच्या राजे अलीखानासह चालून आला. लढाई जुंपली ती पुन्हा रोहिणखेडलाच! जमालखान पडला, मुलगा बापाच्या हाती लागला, आणि निजामशाहीतील महदवी सत्ता महदव्याने बांधलेल्या या मशिदीच्याच गावी संपली.

जिंकणारे गेले, हरणारेही गेले. मशीद उभी आहे. पुरातत्त्व खात्याने तिला संरक्षित स्मारक मानले आहे. तरी आम्हांस वाटते, खरे संरक्षण गावकऱ्यांच्या माहितीत असते. कोरीव अक्षरांवर चुन्याचा एक हात फिरला, की एक साल नाहीसे होते. आपल्या गावचा दगड कोणत्या सालचा, हे ज्याला ठाऊक आहे, तो त्यावर सहसा हात उचलीत नाही.