आवाज विरू नये म्हणून

कामठीसारख्या गावात ज्यांचे बालपण रेडिओच्या सोबतीने गेले, त्यांना लघुलहरींचा लपंडाव ठाऊक आहे. ऐन रंगात आलेले गाणे अचानक दूर जाई, विरे आणि पुन्हा कानाशी येई. दोष रेडिओचा नसे. दूरच्या केंद्राची लहर आकाशातल्या थरांवरून परतताना अनेक वाटांनी येते. या लहरी कधी पावलाशी पाऊल जुळवतात, तर कधी एकमेकींना पुसून टाकतात. या पुसण्याविरुद्धच्या लढाईचा इतिहास आपल्या महाराष्ट्रातूनही जातो.

१९२७ साली पुण्याजवळच्या खडकीहून इंग्लंडशी बिनतारी तारसेवा सुरू झाली. तिकडून येणारे संदेश दौंडला टिपले जात. मार्कोनींच्या या 'बीम' पद्धतीत एकच उंच तार नव्हती, तारांची रांग होती. सगळ्या तारा एका तालात चालवल्या की लहर कंदिलासारखी चहूकडे सांडत नाही, टॉर्चसारखी एका दिशेने जाते. म्हणून थोड्या विजेत सातासमुद्रापार बोलता येऊ लागले. त्याच सुमारास अमेरिकेत संदेश घेण्यासाठी दूर दूर उभ्या केलेल्या अनेक अँटेना वापरात आल्या. एका जागी आवाज बुडाला, तरी दुसऱ्या जागी तो बहुधा तरलेला असतो.

आमच्या नागपूरने दुसरा मार्ग पाहिला, तो ताकदीचा. १९८८ मध्ये आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी इथल्या एक हजार किलोवॉटच्या मध्यमलहरी प्रक्षेपकावरून सुरू झाली. देशाच्या मध्यातून निघालेला तो आवाज रात्री दूरवर पोहोचे. ती वाहिनी पुढे बंद झाली. पण खिशातल्या फोनला एवढी ताकद कुठून आणणार? शिवाय लहरींची जागाही मोजकीच.

इथे दोन माणसे भेटतात. थॉमस कैलाथ १९३५ मध्ये पुण्यात जन्मले आणि तिथल्याच अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकले. आरोग्यस्वामी पॉलराज खडकवासल्याच्या प्रबोधिनीतून भारतीय नौदलात गेले. पुढे अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात दोघे एकत्र आले. १९९२ मध्ये त्यांनी एका कल्पनेच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९९४ मध्ये ते मिळाले. कल्पना अशी : संदेशाचे तुकडे करा, प्रत्येक तुकडा वेगळ्या अँटेनातून एकाच वेळी, एकाच कंप्रतेवर पाठवा. घेणाऱ्याकडेही अनेक अँटेना ठेवा. प्रत्येक तुकडा वेगळ्या वाटेने येत असल्याने गणिताने तो ओळखता येतो. जागा तेवढीच, पण मजकूर दुप्पट, चौपट! आधी या कल्पनेवर शंका घेणारे पुष्कळ होते. २०१४ साली पॉलराज यांना मार्कोनी पुरस्कार मिळाला.

१९९८ मध्ये सियावश अलामौती यांनी दुसरी बाजू सांभाळली. त्यांनी तोच मजकूर दोन अँटेनांतून, क्रम आणि रूप बदलून पाठवण्याची सोपी रीत दिली. कव्वालीत मुख्य गायकाची ओळ साथीदार उचलतात, एकाचा श्वास तुटला तरी ओळ तुटत नाही, तसेच हे. एका रीतीत वेग, दुसरीत भरवसा. आजचा फोन आणि मनोरा परिस्थिती पाहून त्यांतला तोल साधतात.

मला कवी म्हणून यात एक गोष्ट मोलाची वाटते. ज्या भिंतींवर आपटून लहरी फुटतात, त्यांना अभियंते पिढ्यान्‌पिढ्या शत्रू मानत आले. या लोकांनी त्याच भिंतींना कामाला लावले. लहरींच्या वाटा वेगळ्या आहेत, म्हणूनच तुकडे ओळखू येतात. सगळ्यांनी एकच सूर लावला तर आवाज लांब जातो, हे खडकीने दाखवले. वेगवेगळे सूर वेगळे ओळखता आले तर त्याच हवेत कितीतरी अधिक बोलता येते, हे या दोघांनी दाखवले. माणसांच्या वस्तीलाही हे लागू पडावे.