इंग्रजीने बोलीतले शब्द स्वीकारले; झाडीबोलीचे काय?

चंद्रपूर : मुंबईकरांची 'चाळ' आणि 'डबा' यांना २०२० मध्ये 'ऑक्सफर्ड अ‍ॅडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी'च्या दहाव्या आवृत्तीत स्थान मिळाले. त्याआधी २०११ मध्ये 'एलओएल', 'ओएमजी' ही गप्पांतील लघुरूपे आणि २०१९ मध्ये ब्रिटनमधील आशियाई कुटुंबांच्या बोलण्यातली 'चड्डी' 'ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी'त दाखल झाली. मराठीशी इंग्रजीची ही देवघेव जुनीच आहे. इंग्रजीतील 'मंगूस' हा मराठी 'मुंगसा'चाच अवतार!

शब्द शिष्टसंमत आहे की रस्त्यावरचा, हा तेथे निकष नसतो. तो किती काळ आणि किती निरनिराळ्या लेखनांत वापरला गेला, याचे पुरावे तपासले जातात. बोलींची अडचण नेमकी येथेच आहे. त्या बोलल्या जातात, पण लिहिल्या जात नाहीत.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जंगल-तलावांच्या पट्ट्यातील झाडीबोली हे त्याचे ठळक उदाहरण. या बोलीत 'ण'चा 'न' आणि 'ळ'चा 'र' होतो. 'डोळा' हा 'डोरा' होतो. शाळेच्या वहीत ही रूपे अशुद्ध ठरतात आणि मुले ती घरीच ठेवून येतात. धानाची 'बांधी', रोवणीसाठीचे 'पऱ्हे', पाणी साठवणारी 'बोडी', मोहाची 'टोरी' हे शब्द इथल्या शेतीत आणि जंगलात रुजलेले आहेत. 'दंडार' आणि 'खडी गंमत' या लोककलाही याच मातीतल्या. काम बदलले की त्याचे शब्दही मागे पडतात.

ही उणीव भरून काढण्याचे मोठे काम डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी केले. त्यांनी झाडीबोलीचा स्वतंत्र शब्दकोश सिद्ध केला आणि बोलीतील साहित्याला संमेलनांचे व्यासपीठ मिळवून दिले. गडचिरोलीसह अनेक राज्यांत पसरलेल्या गोंडीचाही प्रमाण शब्दकोश २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. २०११ च्या जनगणनेनुसार गोंडी भाषकांची संख्या सुमारे ३० लाख आहे. तरीही राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत या भाषेचा समावेश नाही.

मराठीला ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्या वैभवात बोलींचा वाटा मोठा आहे. मात्र कोशात नोंद झाली म्हणून शब्द जगतोच असे नाही. त्यासाठी तो घरात बोलला, वर्गात ऐकला आणि कागदावर उतरला पाहिजे.