कुंडी उचलून पाहा

आमच्या प्रयोगशाळेच्या खिडकीत एक तुळस होती. एका पावसाळ्यात तिने मान टाकली. आम्ही पाणी घातले. दुसऱ्या दिवशी ती अधिकच मलूल दिसली, म्हणून आणखी घातले. आठवड्याभरात तुळस गेली. माती उपसली तर मुळे काळी, लिबलिबीत झालेली. तहान समजून आम्हीच तिला बुडवले होते.

कोमेजणे हे लक्षण एक, पण कारणे दोन आणि ती परस्परांच्या उलट. ती वेगळी कशी ओळखायची? उत्तराचे धागे दोन जुन्या प्रयोगांत सापडतात.

पहिला प्रयोग स्टीफन हेल्स या इंग्रज पाद्र्याचा. १७२४ च्या उन्हाळ्यात त्यांनी सूर्यफुलाची कुंडी शिशाच्या पत्र्याने झाकली, फटी बुजवल्या, पाणी घालायला नळी ठेवली आणि सकाळ-संध्याकाळ कुंडीचे वजन केले. माती झाकलेली असल्याने घटलेले वजन म्हणजे झाडातून उडालेले पाणी. ते दिवसाला सरासरी २० औंस, म्हणजे सुमारे ५७० ग्रॅम भरले. कोरड्या, उबदार रात्री मात्र जेमतेम ३ औंस! झाडाची तहान सदासर्वकाळ सारखी नसते, हे तराजूने दाखवले.

दुसरा प्रयोग जिनीव्हाच्या निकोला-थिओडोर द सोस्यूर यांचा. १८०४ च्या ग्रंथात त्यांनी तो नोंदवला. हॉर्स चेस्टनटच्या रोपांची मुळे त्यांनी वेगवेगळ्या वायूंत ठेवली. कार्बन डायऑक्साइडमधली रोपे साधारण आठवड्यात, नायट्रोजन व हायड्रोजनमधली दोन आठवड्यांत मेली. साध्या हवेतली मात्र तीन आठवड्यांनंतरही टवटवीत होती. म्हणजे मुळेही श्वास घेतात.

ऑक्सिजन हवेपेक्षा पाण्यातून सुमारे दहा हजार पट सावकाश पसरतो. मातीतील पोकळ्या पाण्याने भरल्या की मुळे गुदमरतात आणि त्यांना पाणी नीट शोषता येत नाही. मग भिजलेल्या मातीत उभे असलेले झाडही पाण्यावाचून कोमेजते.

तेव्हा वर्गातले रोप मलूल दिसले, तर मुलांना आधी कुंडी उचलायला सांगा. हलकी लागली तर पाणी घाला. माती आक्रसून कडेने सुटली असेल, तर वरून घातलेले पाणी फटीतून निसटते. अशी कुंडी थोडा वेळ पाण्याच्या घमेल्यात ठेवा. जड लागली तर पाणी थांबवा आणि तळाचे भोक बुजले आहे का ते पाहा. आठवडाभर रोज वजनाची नोंद ठेवली, तर मुलांच्या वहीत हेल्सचाच प्रयोग उतरेल.

आमच्या तुळशीची कुंडी जडच होती. आम्ही ती उचलून पाहिली नव्हती, एवढेच.