सातवे छिद्र : पन्नालाल घोष आणि मुंबईतील त्यांची परंपरा

जुन्या रसिकांपुढे पन्नालाल घोष हे नाव काढले की बहुतेकदा एकच वाक्य ऐकू येते : "त्यांनी बासरी मोठी केली." वाक्य खरे आहे, पण अपुरे आहे. लांब बांबू निवडून त्याला छिद्रे पाडणे हे कारागिरीचे काम झाले. त्या बांबूतून काय वाजवायचे हे ठरवणे आणि ते दुसऱ्याच्या बोटांत उतरवणे हे त्याहून कठीण. मी गायक नाही, वादकही नाही. नोकरी सांभाळून उरलेल्या वेळात जुनी ध्वनिमुद्रणे ऐकणे आणि चित्रपटांच्या श्रेयनामावल्या चाळणे, एवढेच माझे संशोधन. त्या ऐकण्यातून एक प्रश्न मनात घर करून बसला. ज्या वाद्याला घराणे नव्हते, त्याला परंपरा कुठून मिळाली?

सतार, सरोद, सारंगी ही वाद्ये पिढीजात कलावंतांच्या घरांत वाढली. त्यांच्या मागे बंदिशींचा साठा होता, तालीम होती आणि खानदानाचा अभिमानही होता. दक्षिणेत शरभ शास्त्रींनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वेणूला मैफलीचे स्थान मिळवून दिले होते. उत्तरेत मात्र बासरी गुराख्याच्या हाती, जत्रेत, भजनात आणि कृष्णाच्या चित्रात राहिली. ख्यालाच्या मंचावर तिला बसायला जागा नव्हती.

पन्नालालबाबूंचा जन्म १९११ सालचा, पूर्व बंगालमधील बारिसालचा. तरुणपणी कुस्ती आणि मुष्टियुद्धाचा नाद होता. पुढे लांब बासरी फुंकायला लागणारा दम त्या शरीराने पुरवला असणार, असे मला वाटते. कलकत्त्यात न्यू थिएटर्सच्या वाद्यवृंदात त्यांनी काम केले. हार्मोनियमवादक खुशी महंमद खाँ आणि गिरिजाशंकर चक्रवर्ती यांच्याकडे शिक्षण घेतले. १९३८ मध्ये सराईकेलाच्या छाऊ नृत्यपथकाबरोबर ते युरोपात गेले आणि १९४० मध्ये मुंबईत आले. 'बसंत' (१९४२) या बॉम्बे टॉकीजच्या चित्रपटाचे संगीतकार म्हणून त्यांचे नाव झळकले. पार्श्वगायिका पारुल घोष या त्यांच्या पत्नी, संगीतकार अनिल विश्वास यांच्या भगिनी. चित्रपटसृष्टीत पाय रोवून उभे राहायला एवढे पुरेसे होते.

पण १९४७ मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, नाव झालेला हा कलावंत मैहरच्या उस्ताद अल्लाउद्दीन खाँसाहेबांकडे शिकायला गेला. त्यांच्या चरित्रातील ही घटना मला सर्वांत मोठी वाटते. टाळ्या मिळत असताना पुन्हा शिष्य होणे सोपे नसते. जे पुढे शिकवायचे आहे त्याचा पाया पक्का असावा, ही जाणीव त्यामागे असावी, असा माझा कयास आहे.

आता वाद्याकडे वळू. पूर्वीच्या आखूड बासरीचा आवाज चढा. त्यात ताना चमकत, पण मंद्रातला ठेहराव मिळत नसे. पन्नालालबाबूंनी जवळपास ३२ इंच लांबीची बासरी घेतली आणि विलंबित ख्यालाला, आलापीला लागणारा खर्ज तिच्यातून काढला. त्यांची संथ आलापी ऐकताना मला किराणा गायकीची सावली जाणवते. मात्र लांबी वाढली की छिद्रांमधले अंतरही वाढते. बोटे ताणून सपाट ठेवावी लागतात आणि हाताची सगळी ठेवण बदलते. पुस्तकातून हे शिकता येत नाही, समोर बसूनच शिकावे लागते.

दुसरी अडचण बारीक होती. सहा छिद्रांच्या बासरीत वरची तीन बंद केली की षड्ज लागतो. सगळी उघडली की तीव्र मध्यम. पुढचा पंचम हवा असेल तर सहाही छिद्रे एकदम बंद करून जोराने फुंकावे लागते. म्हणजे शेजारचे दोन स्वर, पण एक पूर्ण उघड्या बासरीचा आणि दुसरा पूर्ण बंद बासरीचा. त्यांच्यामध्ये मींड घ्यायची कशी? यमनसारख्या रागात गवई ज्या वाटेने सहज घसरत जातो, तिथेच बासरीवाल्याची वाट तुटते.

पन्नालालबाबूंनी खाली, करंगळीच्या आवाक्यात, सातवे छिद्र पाडले. सातही बंद केली की मंद्रातला तीव्र मध्यम मिळतो आणि जोराने फुंकले तर मध्य सप्तकातला. मग करंगळी हळूहळू उचलली की तीव्र मध्यमातून पंचमापर्यंत स्वर सलग सरकतो. एका छिद्राने गायकीची तुटलेली वाट जोडली गेली.

ही करंगळी पुढे कोणाकडे गेली? मुंबईतल्या त्यांच्या शिष्यांची नावे पाहा : देवेंद्र मुर्डेश्वर, व्ही. जी. कर्नाड, निरंजन हळदीपूर. आडनावांत कर्नाटकच्या किनाऱ्यावरची गावे आहेत. बारिसालच्या बंगाली माणसाची विद्या मुंबईत या मंडळींनी जपली, हा योग मुंबईतच जुळू शकतो. मुर्डेश्वर पुढे त्यांचे जावईही झाले. निरंजन हळदीपूरांचे पुत्र नित्यानंद यांनी मुर्डेश्वरांकडे आणि नंतर अन्नपूर्णादेवींकडे शिक्षण घेतले. लखनौला रातंजनकरांकडे शिकून आलेले रघुनाथ सेठही पन्नालालबाबूंचे शिष्य. धाकटे बंधू, तबलावादक निखिल घोष यांनी मुंबईत उभारलेली संगीत महाभारती ही याच घराच्या अध्यापनवृत्तीची दुसरी शाखा.

१९५६ मध्ये पन्नालालबाबू आकाशवाणीच्या राष्ट्रीय वाद्यवृंदाचे संचालक म्हणून दिल्लीला गेले आणि २० एप्रिल १९६० रोजी तिथेच त्यांचे निधन झाले. वय अवघे अठ्ठेचाळीस. त्यांनी रचलेल्या रागांत नूपुरध्वनी, चंद्रमौळी आहेत, आणि या अंकाला शोभेल असा 'दीपावली' नावाचाही एक राग आहे. पण तीन मिनिटांच्या तबकड्या आणि आकाशवाणीची काही मुद्रणे यांत एवढा माणूस मावत नाही. ध्वनिमुद्रण स्वर ऐकवते, तो काढणारी करंगळी दाखवत नाही.

हरिप्रसादजींनी सहा छिद्रांच्या बासरीवरच आपले स्वतंत्र वादन उभे केले आणि जगभर पोहोचवले. अन्नपूर्णादेवींमुळे तेही मैहरच्याच विद्येचे वारसदार. त्यामुळे इथे श्रेष्ठ-कनिष्ठाचा प्रश्न नाही. प्रश्न नोंदीचा आहे. आज दुकानात मिळणारी बासरी बहुधा सहा छिद्रांचीच असते. आपले संगीताचे इतिहास मैफलींच्या तारखा, पुरस्कार आणि तबकड्या नोंदवतात. गुरूने शिष्याचे बोट धरून ते कुठे ठेवले, याची नोंद कोणीच करत नाही. बासरीचा बांबू वाळतो, तडकतो, टाकून दिला जातो. राहते ती शिकवण, आणि तीही शिकणारा समोर आहे तोवरच. पन्नालालबाबूंचे चरित्र लिहायचे असेल तर मुंबईतल्या या शिष्यशाखांकडे जाऊन हात कसा ठेवायचा हे आधी टिपून घ्यावे लागेल. ते हात शिकवत आहेत तोवर हे काम व्हायला हवे.