‘पिट’ आणि प्रेक्षकाची वाट

मराठी रंगभूमीच्या परिभाषेत ‘पिट’ हा शब्द इंग्रजीतून आला. येताना त्याची सामाजिक पायरी मात्र खाली घसरली. आपल्याकडे पिटातला प्रेक्षक म्हणजे स्वस्त तिकिटाचा, टाळ्याशिट्ट्यांचा धनी. मूळ व्यवस्था निराळी होती. यॉर्कशायरमधील रिचमंड या लहान गावी सॅम्युएल बटलर या नटव्यवस्थापकाने १७८८ साली बांधलेल्या नाट्यगृहात ती आजही पाहावयास मिळते. तेथे सभोवारचे ‘बॉक्स’ सर्वांत महाग, वरची गॅलरी सर्वांत स्वस्त, आणि पिट या दोहोंच्या मधला. गॅलरीतील फळ्यांवर लाथा हाणून प्रेक्षक आपले मत कळवीत. हीही एक सोयच म्हणावयाची!

१८४८ साली हे नाट्यगृह बंद पडले. पुढे पिटाच्या जागी मद्याची तळघरे झाली, वर लिलाव होऊ लागले. नाट्यगृह म्हणून ते चालू राहिले असते, तर नव्या सोयींसाठी त्याची मोडतोड खचितच झाली असती. उपेक्षेनेच ते राखले. १९६३ साली तेथे पुन्हा नाट्यप्रयोग सुरू झाले.

परंतु अठराव्या शतकातील अरुंद वाटा आणि पायऱ्या वृद्धांस व अपंगांस अडवितात. त्या रुंद कराव्यात, तर पुरावा नष्ट होतो. २००३ साली पूर्ण झालेल्या जीर्णोद्धारात मूळ वास्तूस लागून नवा भाग उभारण्यात आला व प्रेक्षकांच्या सोयी तेथे नेण्यात आल्या. प्रस्तुत लेखकास हा मार्ग योग्य वाटतो; मात्र पिटातील दाटी तशीच राहिली आहे.