एका पातेल्यातले दोन धागे

आजचा इतिहास माझ्या स्वयंपाकघरातून सुरू होतो.

माझी पातळ नायलॉनची ट्रेकिंग सॅक उन्हानं पार विटली होती. भाचीला ती हवी होती, पण म्हणाली, "मामा, अशी फिकी नको." म्हणून रंगवायला घेतली. भीती एकच होती. आतला लेप तापानं सुटला, तर पावसात सॅक गळणार. म्हणून आधी आतल्या खिशाच्या कडेचा तुकडा रंगवून पाहिला.

रंग कुठला, याचं उत्तर इतिहासात आहे. 28 फेब्रुवारी 1935 रोजी अमेरिकेत ड्यूपाँ कंपनीत वॉलेस कॅरोदर्स यांच्या चमूनं नायलॉन 66 बनवलं. 1940 मध्ये त्याचे पायमोजे बाजारात आले, तेही रेशमाच्या मोज्यांच्या जागी. हे साम्य वरवरचं नाही. रेशमाचे आणि नायलॉनचे रेणू एकाच जातीच्या बंधांनी गुंफलेले आहेत. दोघांतही अमाइन गट आहेत. पाण्यात व्हिनेगर पडलं की त्यांच्यावर धन भार येतो आणि ऋण भाराचा रंग तिथं चिकटतो. म्हणून लोकर-रेशमाचा आम्लरंग नायलॉनला चालतो.

वेगळं ठेवलेलं जुनं पातेलं घेतलं, पाणी उकळीच्या खाली ठेवलं आणि सॅक सारखी हलवत राहिलो. तासाभरात ती गर्द निळी झाली. लेपही टिकला.

पण शिवण? ती राखाडीच राहिली! दोरा पॉलिएस्टरचा होता. हा धागा 1941 मध्ये इंग्लंडात व्हिनफिल्ड आणि डिक्सन यांनी शोधला. त्यात आम्लरंगाला धरून ठेवेल असं काही नाही. त्याला पाण्यात जेमतेम विरघळणारे, बारीक कणांचे डिस्पर्स रंग लागतात. हे रंग 1920 च्या दशकात अॅसिटेटच्या कापडासाठी निघाले, कारण त्यालाही जुने रंग लागत नव्हते. पॉलिएस्टरसाठी कारखान्यात बंद भांड्यात दाबाखाली पाणी 130 अंशांपर्यंत तापवतात. आपलं उघडं पातेलं 100 च्या पुढे जात नाही.

आजच्या सर्वांत हलक्या सॅक ज्या पॉलिइथिलिनच्या धाग्यांच्या असतात, त्यांना तर रंग धरायला जागाच नाही. आणि जास्त तापवलं तर धागाच वितळतो.

भाचीनं सॅक पाठीवर घेतली आणि राखाडी शिवणीवरून बोट फिरवलं. म्हणाली, "हे मुद्दाम केलंस ना?" मी हो म्हणालो नाही. तिला 1935 आणि 1941 ची गोष्ट सांगितली.