माळवदी घरे, कळंब परिसरातील

मराठवाड्याच्या बालाघाट पठारावरील, सपाट मातीच्या छपराच्या पारंपरिक ग्रामीण घरांचा प्रकार. धाराशिव (उस्मानाबाद) जिल्ह्यात मांजरा नदीकाठी वसलेल्या कळंबच्या परिसरात तो पूर्वी रूढ होता. कोकणात पावसामुळे उतरते छप्पर अपरिहार्य ठरते. येथे पाऊस बेताचा व उन्हाळा कडक असल्याने माळवद सोयीचे झाले.

घराचे माप खणांत सांगत. खांबांवर तुळया, तुळयांवर सर व त्यांवर किलचांचा थर देऊन वर माती पसरीत. सर्वांत वरचा थर पांढरीच्या, म्हणजे जुन्या गावठाणाच्या मातीचा असे. तीतून पाणी सहसा झिरपत नाही. पावसाळ्यापूर्वी नवी माती टाकण्याचा प्रघात असल्याने पिढ्यागणिक छपराचा भार वाढत जाई. भिंती काळ्या दगडाच्या, चिखलात रचलेल्या व दोन फुटांहून अधिक जाड असत. बाहेरच्या बाजूस खिडक्या क्वचितच. उजेड व धुराची वाट यांसाठी माळवदात साणे ठेवीत. मोठ्या घरांत ढाळज, चौक, ओसरी व माजघर असा क्रम आढळतो. धान्यासाठी भिंतीत बळद, तर जमिनीत पेव असे.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झालेल्या किल्लारी भूकंपाचा मुख्य तडाखा कळंबपासून दूर, लातूर जिल्ह्याचा दक्षिण भाग व धाराशिव जिल्ह्याचा आग्नेय भाग यांना बसला. साडेसात हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतील बहुतेक अशाच घरांत झोपलेली होती. त्यानंतर माळवदाला सरसकट दोष देण्यात आला, तो पूर्णतः न्याय्य नव्हे. भिंतीचे आतील व बाहेरील थर आरपार दगडांनी सांधलेले नसल्याने त्या फुटल्या. काही ठिकाणी भिंती ढासळूनही लाकडी सांगाडा उभा राहिला. म्हणूनच दुरुस्तीच्या योजनांत आरपार दगड बसविणे, खांब व तुळया तिरक्या आधारांनी जखडणे आणि छपरावरील माती कमी करणे यांवर भर होता.

या घरांची नोंद मात्र तुटपुंजी आहे. १९६१ च्या जनगणनेत भिंती व छपरे यांच्या साहित्याची गणना झाली. तथापि घरांचे आराखडे, खणांची मापे व सुतार-गवंड्यांचे शब्द तीत येणे शक्य नव्हते. भूकंपानंतर ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. तेथील घरे सुटी, रुंद रस्त्यांलगत व काँक्रीटच्या छपराची असून त्यांत ढाळज नाही, बळदही नाही.